हरी म्हात्रेचं सामान

मी विमानदलात होतो असं कळलं की नवीन माणूस हमखास विचारतो, "कोणतं विमान चालवायचात?" मी सांगतो, "टाइपरायटर." माणूस हसतो, त्याला वाटतं म्हातारा विनोदी आहे. पण खरं तेच आहे. एवढी वर्षं नोकरी केली, त्यात विमानात बसलो दोनदा, आणि दोन्ही वेळा डोळे घट्ट मिटून. माझं काम क्लार्कचं. रजा, बदल्या, बढत्या, हजेरीपट. सीवूड्सला आमच्या सोसायटीत अजूनही कुणाला अर्ज लिहायचा असला की माझीच बेल वाजते. घोडा म्हातारा झाला तरी टांग्याची सवय जात नाही.

या नोकरीत एक काम असं होतं, ज्याबद्दल मी कुठे फारसं बोललो नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला देण्यासारखं ते नाही, असं मलाच वाटायचं. पण गेल्या दीड वर्षात असं काही घडलं की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. ते काम म्हणजे गेलेल्या माणसाचं सामान आवरणं.

पद्धत अशी होती. एखादा वैमानिक गेला की त्याच दिवशी त्याच्या खोलीला कुलूप लागायचं. दोन अधिकारी नेमले जायचे आणि लिहायला एक क्लार्क. मग कुलूप उघडून एकेक वस्तू बाहेर काढायची आणि तिची यादी करायची. सरकारी असेल ते भांडारात जमा, त्याचं स्वतःचं असेल ते पेटीत भरून घरी. यादीत भावना लिहायच्या नाहीत. 'स्वेटर, लोकरी, हातानं विणलेला, एक.' तो कुणी विणला हे खोलीतल्या तिघांनाही कळलेलं असायचं, पण यादीत 'एक' एवढंच.

कागदावर नसलेला एक नियमही होता. घरच्यांना टोचेल असं काही पेटीत जाऊ द्यायचं नाही. सिगारेटचं पाकीट निघालं की बाजूला. एखाद्या मुलीची पत्रं निघाली तर ती न वाचता बांधून तिची तिला परत. आमचे साहेब म्हणायचे, "जाधव, ही पेटी त्याची आई उघडणार आहे असं समजून भर." त्यांचं हे वाक्य मी नोकरीभर पाळलं. एकदा सोडून.

बाहेरच्या लोकांना वाटतं, लढाईत वैमानिक मरतात ते शत्रूच्या गोळ्यांनी. एकाहत्तरच्या लढाईत मी होतो ते ठिकाण सीमेपासून कितीतरी लांब, दक्षिणेत. तिथं नवी पोरं विमान चालवायला शिकायची. शत्रूचं एक पाखरूही आमच्याकडे फिरकलं नाही. पण लढाई म्हटली की वैमानिक लवकर तयार व्हायला हवेत. उड्डाणं वाढली. उजाडायच्या आत इंजिनं सुरू व्हायची ती अंधार पडेपर्यंत. दोघांचं छोटं विमान, पुढे विद्यार्थी आणि मागे मास्तर. अशा दिवसांत शिकणारी पोरंही गेली आणि शिकवणारे मास्तरही. त्यांची नावं पेपरात मोठ्या अक्षरांत आली नाहीत. गावी तार गेली, मागून पेटी गेली, संपलं.

सगळ्या पेट्या काही रडवणाऱ्या नव्हत्या. एका पेटीनं तर पार्सल ऑफिसात दाणादाण उडवली होती. एका मुलाचं गजराचं घड्याळ मी कापडात गुंडाळून, पेटी खिळ्यांनी पक्की करून रेल्वे स्टेशनवर पाठवली. लढाईचे दिवस, त्यात पेटीतून टिकटिक ऐकू यायला लागली. हमालांनी पेटी टाकून धूम ठोकली, पोलीस आले, वाळूची पोती रचली. मला सायकलवर बोलावून घेतलं आणि दहा हात लांबून दरडावलं, "उघड तूच." मी उघडली. तेवढ्यात गजर झाला आणि मी जमिनीवर आडवा. त्यानंतर घड्याळाची चावी पूर्ण उतरल्याशिवाय मी पेटी बंद केली नाही.

दुसरी आठवण लोणच्याची. एका पंजाबी मुलाच्या खोलीत आईनं पाठवलेल्या लोणच्याची बरणी होती, अर्धी भरलेली. बरणी प्रवासात फुटेल म्हणून ती मागे ठेवायची ठरली. संध्याकाळी त्याचे चार मित्र आले, बरणीभोवती मांडी घालून बसले आणि रडत रडत नुसत्या पावाबरोबर सगळं लोणचं संपवलं. मग बरणी धुऊन माझ्या हातात दिली, म्हणाले, "आता पाठव, तिला हवी असेल." मी यादीत लिहिलं, 'बरणी, काचेची, रिकामी.' महिनाभरानं त्या आईचं पत्र आलं. 'बरणी रिकामी पाहून बरं वाटलं. म्हणजे माझ्या मुलानं सगळं खाल्लं.' साहेबांनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं.

आता हरी म्हात्रे.

हा आमच्या तळावरचा एकमेव मराठी विद्यार्थी वैमानिक, आणि तोही खाडीकाठच्या आगरी गावातला. बाप मिठागरावर कामाला. शाळा शिकून, शिष्यवृत्त्या मिळवून पोरगा इथवर आलेला. मी त्याच्याहून वर्षभरानं मोठा असेन, पण तो होणारा अधिकारी आणि मी क्लार्क, त्यामुळे चारचौघांत तो मला 'जाधव' म्हणायचा आणि एकटा असला की 'जाधवदादा'. सुके बोंबील इथं कुठे मिळतील का, हा त्याचा माझ्याकडचा कायमचा प्रश्न. मी मंडणगडकडचा, त्यामुळे मलाही तोच प्रश्न पडलेला.

लढाई सुरू असताना एका सकाळी त्याचं विमान पडलं. मागे त्याचे मास्तर होते. दोघेही गेले.

त्याची खोली आवरायला मीच होतो. कपडे, पुस्तकं, खाडीत होडीवर काढलेला घरच्यांचा फोटो, आणि टेबलावर एक सुटा कागद. वर त्याचं नाव, खाली मास्तरांची सही, मध्ये लाल पेन्सिलीनं घाईघाईत लिहिलेलं इंग्रजी. साहेब दुसऱ्या कपाटात गुंतले होते. मी तो कागद पुस्तकात ठेवला आणि पुस्तक पेटीत.

तो का ठेवला, हे सांगायला हवं. आमच्या घरात नावाचा कागद ही फार मोठी गोष्ट होती. माझ्या आजोबांच्या नावाचा एकही कागद घरात नव्हता. त्यांना गावानं कधी नीट नावानं हाक मारली नाही, तर कागद कोण देणार? बाबा गोदीत कामाला लागले तेव्हापासून ज्यावर आमचं नाव छापलं किंवा लिहिलं आहे असा प्रत्येक चिटोरा घरी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला जायचा. देवी टोचल्याची चिठ्ठीसुद्धा. मला वाटलं, मिठागरावरच्या बापाला आपल्या पोराच्या नावाचा, साहेबाच्या सहीचा विमानदलातला कागद केवढा मोलाचा वाटेल. मधला मजकूर मी वाचलाच नाही.

पुढे चौकशी झाली. गिधाड येऊन आदळलं होतं. तेव्हा गिधाडं पुष्कळ असायची, विमानतळावर बंदूकवाला ठेवावा लागे. चूक ना विद्यार्थ्याची, ना मास्तरांची. हे दोन्ही घरांना कळवायची पत्रं मीच टाइप केली. हरीच्या घरी गेलेलं पाकीट पंधरा दिवसांनी परत आलं. वर पोस्टमननं लिहिलेलं, 'घेण्यास नकार.' मला वाईट वाटलं. दुःखात असतील, असं म्हणून मी पाकीट फाईलला लावलं आणि फाईल कपाटात.

निवृत्तीनंतर आम्ही सीवूड्सला घर घेतलं. पाकिटावर मी टाइप केलेलं ते गाव इथून चालत वीस मिनिटांवर. माझी बायको मंदा दर रविवारी तिथूनच मासळी आणते. गावाच्या कमानीखालून मी किती वेळा गेलो असेन, पण म्हात्र्यांचं घर कुठलं, हे कधी विचारलं नाही. काय म्हणून जाणार होतो? 'तुमच्या मुलाचे शर्ट मी मोजले होते' असं सांगायला?

मग गेल्या वर्षी पावसाळ्याआधी सानिका आली.

कुणीतरी सांगितलं म्हणून ती अर्ज दाखवायला आली होती. विमानदलात वैमानिक व्हायचंय, लेखी परीक्षा पास झालेली, पुढच्या पाच दिवसांच्या निवडीला बोलावलेलं. इंजिनिअर पोरगी, चटपटीत. अर्ज तिनं चोख भरला होता, माझी गरज नव्हती. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "काका, अर्जाचं टेन्शन नाहीये. टेन्शन आजीचं आहे. पप्पा बोलतात, आजी हो बोलली तर जा. आणि आजी तर विषयच काढू देत नाही. तिचा भाऊ एअर फोर्समध्ये होता ना, ट्रेनिंगमध्येच गेला. वॉर चालू होतं तेव्हा. त्याचं नाव पण घेत नाहीत आमच्या घरात. तुम्ही एकदा समजवाल का तिला? तुम्ही तिथलेच आहात ना."

मी विचारलं, "नाव काय त्याचं?"

"हरिश्चंद्र म्हात्रे," ती म्हणाली. "पण तुम्ही नाही ओळखणार."

मी तिला म्हटलं, दोन दिवसांनी येतो. ती गेल्यावर मंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला सगळं माहीत होतं, लग्नानंतर पहिल्या वर्षीच सांगितलेलं. ती म्हणाली, "दोन दिवस कशाला? उद्या सकाळी जा. इतकी वर्षं थांबलात तेवढं पुष्कळ झालं."

दुसऱ्या दिवशी त्या गावात गेलो. सानिकाच्या आजीचं नाव द्वारकाबाई. हरी गेला तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेल. लग्न गावातच झालेलं, त्यामुळे माहेर-सासर दोन गल्ल्यांच्या अंतरावर. घर आता तीन मजली, खाली मोबाइलचं दुकान. बाई बाहेर ओट्यावर सुपात सुका जवळा निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं, हरी होता त्याच तळावर मी होतो, त्याला ओळखत होतो. हात थांबला नाही, पण मान वर झाली.

"बसा," त्या म्हणाल्या. "पोरीन पाठवलाय ना तुमाला? तिला सांगा, नाय म्हंजे नाय. आमचे घरानं येक मानूस मारलाय, आनखी नको."

मला कळेना. "कोणी कुणाला मारलं?"

त्या उठून आत गेल्या, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद घेऊन आल्या. घड्यांवर चिरलेला. लाल पेन्सिल आता विटकरी झाली होती. पण सही मी ओळखली.

"आमचे गावचे गुरुजींनी वाचला. ते वाचीत गेले नं मराठीन सांगत गेले. 'तीनदा सांगून आयकत नाय. उतरताना इमान जपत नाय. असाच उडत रेलास तं सोताबी मरशील नं मलाबी मारशील.'" त्या पाठ असल्यासारखं बोलल्या. "आनि दोगंबी मेलं ना? मंग बापूस काय समजल? मास्तरला दोन लेकरा व्हती म्हनं. बापूस त्या दिसापासून कोनाशी बोल्ला नाय. मिठागरावबी मान खाली घालून जायचा. कागद जालाया काढलेला, तं आयसनी हिसकला. बोल्ली, कायबी लिवला असूं दे, त्याचेव माजे हरीचा नाव हाय."

हे शेवटचं वाक्य आमच्या घरातलंच होतं. कागद कशासाठी जपतात, हे मला बरोबर कळलं होतं. नेमकं तेच कळलं होतं, बाकी काहीच नाही.

मी सांगायला सुरुवात केली. हे मास्तर कडक होते. विद्यार्थ्याचं उड्डाण बिघडलं की चुका लाल पेन्सिलीनं सुट्या कागदावर लिहून हातात द्यायचे, म्हणायचे, वाच आणि उद्या परत ये. 'मरशील आणि मारशील' हे तर त्यांचं ठरलेलं वाक्य, वर्गातला प्रत्येक मुलगा ते ऐकून मोठा झाला. सहीखालची तारीख पाहा, हा कागद अपघाताच्या दोन दिवस आधीचा. दुसऱ्या दिवशी हरी पुन्हा उडाला आणि चांगला उडाला. तसं मास्तरांनी त्याच्या फाईलमध्ये निळ्या शाईनं लिहिलं, 'सुधारणा उत्तम.' ती फाईल चौकशीला गेली आणि तिची नक्कल मीच टाइप केली, म्हणून मला माहीत आहे. आणि तिसऱ्या दिवशी गिधाड आदळलं. विमान कुणाच्याही हातात असतं तरी पडलंच असतं.

जवळा निवडणं थांबलं होतं. "मंग ह्यो कागद आमाला का दिला?"

"मी दिला," मी म्हटलं. "पेटी मी भरली होती. वरचं नाव वाचलं, खालची सही पाहिली. मधलं वाचलं नाही."

"मधलाच तं सगला व्हता," त्या म्हणाल्या.

सूप बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "गिधाडाचा तवाच का नाय कलवला?"

"पत्र पाठवलं होतं. तुमच्या वडिलांनी घेतलं नाही, परत आलं."

"हा कागद आल्याव ते कसं घेतील? परत आला, मंग तुमी काय केला?"

"फाईलला लावलं."

"इंग्रजीन व्हता ना ते?"

"हो."

"तुमाला मराठी येत नव्हती?"

नोकरीत मला पुष्कळ अधिकाऱ्यांनी झापलं, पण असं कुणी झापलं नव्हतं. एक साधं पोस्टकार्ड. 'तुमच्या मुलाची चूक नव्हती.' एवढं लिहायला कुणाची परवानगी लागली नसती, आणि लागली असती तरी न विचारता लिहायला हवं होतं. मी म्हटलं, "येत होती."

"मंग आता जा तुमी," द्वारकाबाई म्हणाल्या.

मी आलो. त्या दिवशी जेवलो नाही. मंदा म्हणाली, "चिडली ना? म्हणजे ऐकलं तिनं. न ऐकणारं माणूस चहा देऊन वाटेला लावतं." मंदाचं असं असतं. पण मला खात्री नव्हती. मला वाटत होतं, आधी एका पोराच्या घरी मी कागदानं अंधार केला, आता त्याच घरातल्या पोरीच्या वाटेतही मीच आडवा आलोय. निवडीची तारीख जेमतेम दोन आठवड्यांवर होती.

पाचव्या दिवशी बेल वाजली. दारात सानिका, आणि तिच्या मागे द्वारकाबाई, लिफ्टमधून उतरून भिंतीला हात टेकून उभ्या. आत आल्या, बसल्या, मंदानं दिलेलं पाणी प्यायल्या. मग थेट विचारलं, "त्या मास्तरचे घरच्यांना काय सांगितला व्हता?"

मी म्हटलं, "जे खरं ते. गिधाडाचं. त्यांच्या बाई स्वतः आल्या होत्या सामान न्यायला, दिरांना घेऊन. माझ्या समोर बसल्या होत्या."

"मंग त्यांना ठावं व्हता? आमचे हरीन मारला नाय, ह्ये?"

"पहिल्यापासून."

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. सानिका त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली. मग द्वारकाबाई बोलल्या त्या माझ्याशी नाही, मंदाशी. "माजी आयस दर नारली पुनवेला खारीत दोन नारल सोडायची. येक घरचा, नं येक मास्तरचे पोरांचे नावान. बोलायची, त्यांचा बाप आपले पोरान नेला, दर्या त्यांना सांभालूं दे. ती गेली तवापासून मी सोडतंय. आमाला वाटायचा, ती बाई आमाला शिव्या-शाप देत असंल."

तेव्हा मला ते आठवलं. खरं म्हणजे विसरलो नव्हतो, पण सांगण्याइतकं महत्त्वाचं आहे हे कळलं नव्हतं. क्लार्कची जात, मजकूर सोडून सही बघणारी. मी म्हटलं, "बाई, परत आलेल्या त्या पाकिटात शेवटी एक ओळ होती. मास्तरांच्या पत्नीनं जाताना साहेबांना विचारलं होतं, त्या मुलाची आई आहे का? असेल तर तिला माझा नमस्कार कळवा. साहेबांनी ते पत्रात घालायला सांगितलं. मी टाइप केलं."

आधी मंदाच रडायला लागली, मग आम्ही सगळेच. सानिका तेवढी आजीचा हात धरून बसली.

जरा वेळानं द्वारकाबाईंनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "आता लिवा. मराठीन. सगला लिवा. गिधाडाचा, निल्या शाईचा, त्या बाईचे नमस्काराचा. तुमचा चुकलाय तेबी लिवा. आयतवारी सगल्यांना बोलवतंय, वाचायचा."

हजारो पत्रं टाइप केली असतील, पण असा कागद मला कधी लिहावा लागला नव्हता. दोन दिवस लागले. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, 'अनवधानानं एक कागद पाठवला गेला.' मंदानं वाचलं आणि म्हणाली, "पाठवला गेला? आपोआप गेला का?" मी ते खोडून लिहिलं, 'तो कागद मी न वाचता पाठवला. परत आलेलं पत्र मी फाईलला लावून गप्प बसलो.' तेवढी दोन वाक्यं लिहिल्यावर बाकीचं सरळ आलं.

रविवारी त्यांच्या खालच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं जमली. भाचे, पुतणे, सुना, हरीबरोबर शाळेत गेलेले दोन म्हातारे. सानिकानं वाचलं. मी दाराजवळ उभा होतो, कुणी चार शब्द सुनावले तर ऐकून घ्यायची तयारी ठेवून. वाचून झाल्यावर त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक उठले, माझ्याजवळ आले आणि विचारलं, "चांगला उडायचा का तो?"

मी म्हटलं, "आदल्या दिवशी तर उत्तम."

"पोहायचाबी तसाच," ते म्हणाले. मग मागे वळून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "हरी आमचा चांगला उडायचा, आयकला ना?" त्या खोलीत ते नाव इतक्या मोठ्यानं किती वर्षांनी घेतलं गेलं, कोण जाणे. मग एकेक जण हरीच्या गोष्टी सांगायला लागला, कुणाची होडी त्यानं कशी सोडून दिली, परीक्षेला जाताना नवी चप्पल चिखलात कशी गेली. जेवणं दुपारी तीनला झाली.

सानिकाला हो की नाही, हे त्या दिवशी कुणीच काढलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "काका, आजी विचारते, त्या पाच दिवसांत तिथे जेवायला मासे देतात का?" मी म्हटलं, "नाही देत बहुतेक." मागून द्वारकाबाईंचा आवाज ऐकू आला, "मंग जवल्याची चटनी बांधून देतंय."

पोरगी निवडली गेली. वैद्यकीय तपासणी, यादी, सगळे सोपस्कार पार पडून यंदा प्रशिक्षणाला गेली. द्वारकाबाई घाबरत नाहीत असं मी म्हणणार नाही. घाबरतात. रोज संध्याकाळी फोन येईपर्यंत त्यांचं कशात लक्ष नसतं, आणि मी त्यांना खोटा धीर देत नाही. त्या पोरांच्या पेट्या मी भरल्या आहेत. पण विमानं आता पूर्वीपेक्षा चांगली आहेत, पोरं हुशार आहेत, आणि शिकल्याशिवाय कुणी उडत नाही, एवढं मी खरेपणानं सांगू शकतो. नारळी पौर्णिमेला यंदाही त्यांनी दोन नारळ सोडले. मास्तरांच्या मुलांच्या नावाचा बंद करणार का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "कशाला? आता भयान नाय सोडत, मायेन सोडतंय."

मध्यंतरी एका संध्याकाळी मी आणि मंदा त्यांच्याकडे बसलो होतो. सानिकाचा फोन आला, द्वारकाबाईंनी स्पीकरवर टाकला. पोरीचा आवाज बसलेला. "आजी, आज माझं खूप खराब झालं. उतरताना स्पीड नाही सांभाळता आला. सरांनी फेल लिहिलं. सगळ्यांसमोर बोलले, अशी उडलीस तर मरशील." आणि पलीकडे हुंदका.

मी मंदाकडे पाहिलं. सानिकाचे वडील उठून उभे राहिले. द्वारकाबाईंचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग त्यांनी फोन हातात घेतला, तोंडाजवळ धरला.

"लिवला ना? लिवूं दे. मास्तर लिवतातच," त्या म्हणाल्या. "उद्या नीट कर. जेवलीस का?"